तळे पाण्यापाशी संपत नाही: इंदूरच्या नगरनियोजकांना खुले पत्र

प्रति,
नगर तथा ग्राम निवेश विभाग, इंदूर विकास प्राधिकरण आणि इंदूर महानगरपालिका येथील अधिकारी,
तसेच शहराचे महापौर, नगरसेवक, आमदार आणि खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

सिरपूर तलाव आणि यशवंतसागर यांच्या पाणलोटात दाट, बहुमजली घरबांधणीला परवानगी देऊ नका, ही एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. नव्या विकास आराखड्याचे काम सुरू असताना लिहिते आहे, कारण नकाशावर एकदा वस्तीचा पिवळा रंग भरला गेला की नंतर हरकती घ्या, मोर्चे काढा, कोर्टात जा, उशीरच झालेला असतो.

जानेवारी 2025 मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना रामसर या पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता मिळाली. भारतातली ही पहिली दोन शहरे. ती बातमी आली तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. स्वच्छतेत पहिला नंबर येतो तेव्हा होतो तसा, किंबहुना जरा जास्तच, कारण कचरा उचलणे हे चोख कामाचे फळ आहे आणि तळी जगवणे हे पिढ्यांच्या समजुतीचे. पण ही मान्यता कायमची नाही. ती सहा वर्षांची असते, नंतर पुन्हा तपासणी होते. आणि याच सहा वर्षांत पश्चिम इंदूरची जमीन कशासाठी वापरायची हे ठरणार आहे. आराखड्याच्या हद्दीत 79 गावे नव्याने घेतली गेली, त्यानंतर शहराच्या चारी बाजूंना शेतांतून मुरुमाचे रस्ते आणि कॉलन्यांचे फाटक दिसू लागले. धार रोडने किंवा हातोदच्या बाजूला गेलात तर ‘लेक व्ह्यू’ असे लिहिलेले फलक वाचायला मिळतात. तळ्याचे नाव घेऊन तिथे घरे विकली जातात. तळे राहावे यासाठी त्या घरांनी काय पाळायचे, हे मात्र कुठल्याच फलकावर नसते. ते लिहिण्याचे काम आपले आहे, आराखडा करणाऱ्यांचे.

आधी सिरपूरबद्दल सांगते, कारण ज्यांनी ते फक्त गाडीच्या काचेतून पाहिले आहे त्यांना तो एक मोठा हिरवट डबका वाटू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांनी शहराच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला. आज सुमारे 161 हेक्टरांची ही जागा रामसर यादीत आहे, 2022 पासून. पावसाळ्यात तुडुंब भरले तरी त्याची खोली जास्तीत जास्त दोन मीटर. या उथळपणामुळेच तिथे जीव आहे. हिवाळ्यात सकाळी काठावर थांबून पाहा. थापट्या बदक आपली रुंद, चपटी चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवत पाणी गाळत पुढे जातो. त्याच्या पलीकडे तलवार बदक डोके खाली, शेपूट वर करून तळाशी चरत असते. मान पोचेल एवढेच पाणी त्याला चालते, एक हात जास्त खोल झाले की तो भाग त्याच्यासाठी संपला. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चिखलाच्या कडेने चालतो, त्याला तर वीतभरच पाणी हवे. वारकरी काळ्या अंगावर पांढरे कपाळ घेऊन पाणवनस्पतींतून एकमेकांच्या मागे लागलेले. आणि पावसाळ्यात कमळपक्षी पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर अंडी घालतो. अंडी नर उबवतो. मादी पुढच्या घरट्याकडे निघून जाते आणि तो ओल्या पानावर, खाली पाणी आणि वर पाऊस अशा ठिकाणी पिल्ले बाहेर येईपर्यंत बसून राहतो. इतक्या नाजूक जागेवर उभा राहणारा संसार आपल्या शहराच्या हद्दीत आहे, विमानतळापासून थोड्याच अंतरावर. मला याचे अतोनात अप्रूप वाटते, आणि आपल्यालाही वाटावे अशी इच्छा आहे.

हा तलाव आपोआप वाचलेला नाही. शहराने जवळजवळ सोडून दिलेल्या दिवसांत पद्मश्री भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’चे त्यांचे सहकारी तिथे जात राहिले. अतिक्रमण, कचरा, शिकार, सगळ्याशी झगडत राहिले, कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिले. आज शहर ज्या मान्यतेचा अभिमान बाळगते तिच्यामागे अशा माणसांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. पुढच्या पिढीतल्या कोणी तेवढीच पायपीट पुन्हा करावी, अशी वेळ येऊ देऊ नका.

यशवंतसागरची गोष्ट वेगळी. तो मोठा, आठशे हेक्टरांच्या वर, गंभीर नदीवर होळकरांच्याच काळात 1930 च्या दशकात बांधलेला. शहराच्या काही भागाला त्याचे पाणी आजही मिळते. रामसरच्या नोंदीत त्याचे महत्त्व सांगताना दोन गोष्टींवर भर आहे: उथळ पाण्यातली पसरलेली पाणवेताची बने, आणि मध्य भारतात सारसाचे बलस्थान. तिसरी गोष्टही तिथेच लिहिलेली आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. या तलावाचा पाणलोट मुख्यतः शेतीचा आहे. म्हणजे भोवतालच्या सोयाबीन-गव्हाच्या शेतांनी यशवंतसागर राखला. ती शेते गेली की पाण्याला हात न लावताही तलाव जाईल.

सारस हा उभा राहिला तर माणसाएवढा उंच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच तोच. जोडीने राहतो, उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटे करतो, त्यात बहुधा दोन अंडी. त्याला तलाव लागतो आणि तलावाच्या भोवतीची ओली शेतेही लागतात, कारण दिवसाचा मोठा भाग तो शेतांतच चरत असतो. सारसाचे संरक्षण करायचे म्हणून तलावाभोवती कुंपण घातले आणि कुंपणाला लागून दहा मजली इमारती उभ्या केल्या, तर सारस उरत नाही. हे समजायला पक्षितज्ज्ञ असावे लागत नाही.

आता मुद्द्यावर येते. पाणथळ जागांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत. ते लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतली सरासरी पूररेषा काढायची आणि तिच्यापासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करायचे नाही, असे ते सांगतात. नियम चांगला आहे, पण आपल्याकडे त्याचा अर्थ असा लावला जातो की एक्कावन्नाव्या मीटरवर काहीही चालेल. ही समजूत खोडून काढल्याशिवाय कुठलाही आराखडा या तळ्यांना वाचवू शकणार नाही. त्याच नियमांत प्रभावक्षेत्राचीही कल्पना आहे: पाणथळीच्या भोवतालचा तो सगळा भाग, जिथे काही केले तर त्याचा परिणाम तळ्यावर होतो. सिरपूरसारख्या उथळ तळ्याच्या बाबतीत हे क्षेत्र 50 मीटरांवर थांबत नाही. जिथून पावसाचे पाणी उतरून तळ्यात येते तिथपर्यंत ते जाते.

साधा हिशेब मांडते. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज 135 लिटर. त्यातले सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाचशे फ्लॅटची एक वसाहत धरा, घरटी चार माणसे. रोजचे 2 लाख 16 हजार लिटर सांडपाणी झाले. एका वसाहतीचे. कागदावर प्रत्येक वसाहतीत सांडपाणी शुद्धीकरणाचे संयंत्र असते. पुढे काय होते हे वसाहतीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे. बिल्डर काही वर्षांनी सगळे सोसायटीच्या हवाली करून मोकळा होतो, विजेचे बिल आणि देखभालीचा खर्च बघून कमिटी संयंत्र दिवसातून काही तासच चालवायचे ठरवते, आणि उरलेले पाणी उताराच्या दिशेने वाट काढते. इथे उतार तळ्याकडे आहे. शिवाय संयंत्र अगदी नीट चालले तरी साध्या प्रक्रियेनंतर पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्यापैकी उरतात. खोल, वाहत्या पाण्यात ते पातळ होऊन जातात. दोन मीटरच्या साचलेल्या पाण्यात ते खत होते. शेवाळ माजते, जलपर्णी पसरते, रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो आणि एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या माशांची पांढरी रेघ दिसते.

पावसाचेही तसेच. एक हेक्टर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 10 लाख लिटर पाणी होते. माळव्याची काळी माती भेगाळलेली असते तेव्हा पहिल्या पावसाचे पुष्कळ पाणी पिऊन घेते आणि उरलेले बांधाबांधाने सावकाश सोडते. तीच जमीन काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकखाली गेली की तेवढेच पाणी तासाभरात गटारातून तळ्यात येऊन कोसळते, येताना रस्त्यावरचे तेल, बांधकामाची माती आणि प्लास्टिक घेऊन येते. पाऊस संपला की उलटा त्रास सुरू होतो, कारण मुरलेले पाणीच नसते आणि वसाहतींच्या बोअरवेल उरलेसुरले ओढून घेतात. ऑगस्ट 2020 मध्ये इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला, तो आठवा. वस्त्या पाण्यात गेल्या होत्या. असे पाऊस पुढे येणारच आहेत. त्या पाण्याला शिरायला जागा कुठे ठेवणार, हा प्रश्न नगरनियोजनाचाच आहे.

याहून मोठे नुकसान मात्र त्या वसाहतीत लोक राहायला आल्यानंतर होते, आणि ते कोणत्याही पर्यावरण अहवालात येत नाही. लोक वाईट असतात म्हणून नव्हे. तळ्याकाठी घर घेतलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यातच डास चावतात. मे महिन्यात पाणी ओसरले की चिखलाचा वास येतो. पार्किंगमध्ये साप निघतो. मग सोसायटी अर्ज करते: पाणकणीस आणि गवत काढून टाका, काठ बांधून घ्या, दिवे लावा. प्रत्येक मागणी त्यांच्या जागी रास्त आहे. नगरसेवकालाही ती मान्य करावीशी वाटते, कारण ते त्याचे मतदार आहेत. निधी येतो, सुशोभीकरण होते. चिखलाच्या उतरत्या काठाच्या जागी उभी दगडी भिंत येते, तिच्यावर फरशीची पायवाट, कारंजे, रंगीत दिवे. उथळ कडा संपते आणि तिच्याबरोबर शेकाट्या, तुतारी, कमळपक्षी, वीतभर पाण्यावर जगणारे सगळे संपतात. बदके रात्रीही चरतात. रात्रभर उजेड असलेल्या पाण्यावर ती उतरत नाहीत. असे चार-पाच हिवाळे गेले की पाणी असते, पक्षी नसतात, आणि शहर म्हणते, आम्ही तलाव किती छान केला.

या साखळीतली पहिली कडी म्हणजे काठाशी दाट वस्तीची परवानगी. त्यानंतरचे सगळे जवळपास अटळ आहे. तीस-चाळीस घरांची, झाडांत दडलेली, बैठी वस्ती तळ्याशी जमवून घेऊ शकते. हजारो माणसांची वस्ती तसे करू शकत नाही, तिच्या गरजाच तळ्याच्या विरुद्ध जातात. म्हणून मी सरसकट ‘बांधकाम नको’ असे म्हणत नाही. दाटी नको असे म्हणते आहे. पाणलोटात चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधता येते ते प्रमाण, वाढवू नका, उंची वाढवू नका, शेतीची जमीन वस्तीत बदलू नका.

यावर जे म्हटले जाईल ते मला माहीत आहे. शहर वाढते आहे, लोकांना घरे हवीत. हवीतच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी तरुण जोडप्यांना इंदुरात घर परवडत नाही, आणि त्यांच्या त्रासाला मी कमी लेखत नाही. पण काठावरचे ते ‘लेक व्ह्यू’ फ्लॅट त्यांच्यासाठी बांधले जात नाहीत, त्यांची किंमत विचारून बघा. दाट वस्ती हवी तर ती प्रवासाची सोय आहे तिथे करा. 31 मे 2025 ला, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, इंदूर मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. त्या स्थानकांच्या दोन्ही बाजूंना अजून किती मोकळी जमीन आहे हे मेट्रोच्या खिडकीतूनच दिसते. करोडो रुपये खर्चून गाडी एका दिशेला नेली आणि माणसे दुसऱ्या दिशेला तळ्याकाठी वसवली, तर मेट्रोही रिकामी आणि तळेही गेले. (स्थानकांभोवती बांधतानाही तिथले पाणी कोणत्या बाजूला वाहते ते आधी पाहावे, हे सांगायला नको.)

शेतकऱ्यांचा प्रश्न जास्त खरा आहे आणि त्यावर मी फार विचार केला आहे. हातोदच्या बाजूच्या ज्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या जमीन कसली, त्याच्या शेजारच्या गावात एकरी भाव आकाशाला भिडताना त्याने का म्हणून गप्प बसावे? सारसासाठी त्यानेच गरीब राहावे असे सांगण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या मला नाही. पण याला उत्तर आहे आणि ते आपल्याच हातात आहे. मध्य प्रदेशात हस्तांतरणीय विकास हक्कांचे, म्हणजे टीडीआरचे, 2018 चे नियम आहेत. पाणलोटातल्या शेतकऱ्याला जमिनीवर न बांधण्याच्या बदल्यात विकता येतील असे हक्क द्या, आणि ते हक्क मेट्रोच्या पट्ट्यात वापरू द्या. रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदला मिळतो, मग शहराचे पाणी राखण्यासाठी जमीन मोकळी ठेवली तर का मिळू नये? त्यासाठी नियमांत दुरुस्ती लागली तर ती करा. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, जमीन त्याच्याच नावावर राहिली आणि गहूही पिकत राहिला, तर विरोध करणारा मला तरी कोणी दिसत नाही.

कायद्यातून पळवाटही काढली जाईल. 2017 च्या नियमांतल्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले कृत्रिम जलाशय वगळलेले आहेत. सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही माणसाने बांधलेले, दोन्ही मुळात पाणीपुरवठ्यासाठी. तेव्हा हे नियम इथे लागूच नाहीत असा युक्तिवाद कोणीतरी वकील नक्की करील. त्याला आत्ताच उत्तर देऊन ठेवा. रामसर यादीतल्या पाणथळी हा त्या नियमांत स्वतंत्र वर्ग आहे, आणि रामसर करार तर नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेदच करत नाही. 11 डिसेंबर 2024 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती करायला राज्यांना सांगितले आणि रामसर स्थळांवर लक्ष ठेवण्याचे काम उच्च न्यायालयांकडे दिले. म्हणजे हद्द मोजणे ही आता कोणाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही.

समुद्रकाठी काय झाले तेही पाहावे. तिथले कायदे वेगळे, पाणी वेगळे, पण माणसांची फसगत सारखीच. कोचीजवळ मरडू इथे वेंबनाडच्या बॅकवॉटरला लागून बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. स्थानिक पंचायतीने परवाने दिले, बँकांनी कर्जे दिली, लोकांनी आयुष्याची कमाई घातली. 2019 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या इमारती किनारपट्टी नियमांच्या विरोधात असल्याचे ठरवून पाडायला सांगितले, आणि 11 व 12 जानेवारी 2020 ला चार संकुले सुरुंग लावून पाडली गेली. कुटुंबांनी सामान बांधून, लिफ्टसाठी रांगा लावून घरे सोडली. सरकारने आधी प्रत्येकी 25 लाख द्यावेत असे न्यायालयाने सांगितले, पण घर म्हणजे तेवढेच असते का? चेन्नईचे पल्लिकरणै हे दलदलीचे क्षेत्र सिरपूरबरोबरच, 2022 मध्ये, रामसर यादीत आले. त्याच्या हद्दीचा नकाशा वेळेवर पक्का न झाल्यामुळे तिथल्या एका मोठ्या गृहप्रकल्पाचा वाद 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि काम थांबवण्याचा अंतरिम आदेश निघाला. दोन्ही ठिकाणी परवानगी देणारे कार्यालय शाबूत राहिले आणि ज्यांनी विश्वासाने पैसे भरले ते टांगणीला लागले. इंदुरात तसे झाले तर ती तक्रार घेऊन लोक आपल्याकडेच येतील.

इथल्या मराठी मंडळींनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण हे पत्र तेही वाचतील. आपण होळकरांचे नाव फार प्रेमाने घेतो. राजवाड्याचा वाडा जळाला, पुन्हा उभा राहिला, त्याची आठवण काढतो. गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेच्या मैफलीत एकत्र येतो. पण होळकरांनी या शहराला जे सर्वांत उपयोगी दिले ते वाड्यात नाही. ते सिरपूर, पिपल्यापाला, बिलावली, यशवंतसागर या पाण्यांत आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात दरबाराने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावले. प्लेगने हैराण झालेल्या शहरात त्याने दिवाळीला स्वच्छतेची मिरवणूक काढायला लावली, आणि 1918 मध्ये दरबाराला सविस्तर अहवाल दिला. नदी, घाट, बागा आणि वस्ती यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी या शहराला शंभर वर्षांपूर्वी मिळाली होती, तीही आपल्याच राज्यकर्त्यांनी बोलावून घेतलेल्या माणसाकडून. आज आपल्यातल्या कितीजणांनी गुंतवणूक म्हणून तळ्याकाठी दुसरा फ्लॅट, तिसरा प्लॉट नोंदवला आहे? दर रविवारी जेवणाच्या टेबलावर हीच चर्चा असते. माझी कळकळीची विनंती आहे, पैसे भरण्याआधी ती जमीन पाणलोटात आहे का ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर पैसे भरू नका. मुलांसाठी म्हणून घेतलेल्या घरासमोर त्यांना कोरडा, वास मारणारा खड्डा मिळावा, असे आपल्यापैकी कोणालाच वाटत नसणार.

हे शहर अवघड गोष्टी करू शकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारी सांडपाण्याची तोंडे शोधून बंद करण्याचे काम अशक्य वाटायचे. ते मोठ्या प्रमाणावर झाले आणि 2021 मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. ओला-सुका कचरा वेगळा करायला वीस लाखांहून अधिक माणसे शिकली. नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा घाट चढवून आपण आणतो, 1978 पासून. त्या प्रत्येक घागरीला वीज लागते. इतक्या लांबून, इतक्या खर्चाने पाणी आणणाऱ्या शहराने दाराशी असलेले पाणी घालवावे, हे मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे. सिरपूर आणि यशवंतसागर यांची पूररेषा आणि प्रभावक्षेत्र राज्य पाणथळ प्राधिकरणाकडून आधी मोजून घ्या, खसरा (जमिनीच्या सर्व्हे) क्रमांकांसह, म्हणजे उद्या कोणी ‘आमचे शेत त्यात येत नाही’ असे म्हणायला नको. ती रेघ आराखड्याच्या नकाशात येईपर्यंत त्या भागात नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाच्या कलम 16 खाली एकही नवी परवानगी देऊ नका. रेघेच्या आत जमीनवापर शेती आणि हिरवळ असाच ठेवा आणि ज्या थोड्या बैठ्या वस्तीला मुभा द्याल तिच्या सांडपाण्याचा एक थेंबही तळ्याकडे उतरणार नाही अशी व्यवस्था तिथे आधी उभी करा, घरे नंतर. तळ्यात येणारे ओढे आणि नाले कितीही लहान असले तरी ते नकाशावर निळ्या रेघेने दाखवा. बहुतेक कॉलन्यांत पहिल्यांदा बुजवली जाते ती हीच बारीक रेघ. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ बांधून काढण्याची जी कामे मंजूर असतील ती पक्षिअभ्यासकांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती नोंदवायला लोकांना तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत नकाशा मोठ्या आकारात, हिंदीत, सामान्य माणसाला वाचता येईल असा, महापालिकेच्या प्रत्येक झोन कार्यालयात आणि हातोद, सिरपूर भागातल्या पंचायती व वॉर्डांत लावावा. प्रभावक्षेत्राच्या नकाशाची एक प्रत मसुद्याच्या आधीच जाहीर व्हावी. ती मिळाली की आम्ही काही शेतकरी आणि पक्षिमित्रांना घेऊन रेघ प्रत्यक्ष जागेवर चालून पाहू आणि कुठे चूक दिसली तर लेखी कळवू. त्यासाठी आपल्या विभागातला एक अधिकारी बरोबर दिलात तर काम नीट आणि लवकर होईल. शक्यतो हे नोव्हेंबरच्या आत व्हावे, पाणी भरलेले असताना, म्हणजे पूररेषेबद्दल वाद राहणार नाही.

कळावे,
आपली,
पश्चिम इंदुरातील एक रहिवासी